सोसायटीच्या एसटीपीचं संगणकावर मॉडेल: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

जैविक यंत्रणांचं मॉडेलिंग शिकायचं म्हटलं की नवखा विद्यार्थी थेट जनुकांच्या जाळ्याला किंवा मेंदूतल्या चेतापेशींना हात घालतो. महिनाभराने त्याच्याकडे सुंदर आलेख असतात, पण ते बरोबर की चूक हे पडताळायला एकही माप स्वतः घेतलेलं नसतं. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याने असं करायचं कारण नाही. घोडबंदर रोड, कोलशेत, खारघर, पामबीच, कुठेही मोठं संकुल घ्या. त्याच्या तळघरात किंवा मागच्या कोपऱ्यात सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट असतो, म्हणजेच एसटीपी. तिथे जिवाणू जगतात, मरतात, एकमेकांचं अन्न पळवतात आणि त्यांना हवा द्यायची की नाही हे टायमर किंवा पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) ठरवतो. जिवंत यंत्रणा आणि स्वयंचलित यंत्रणा दोन्ही एकाच टाकीत, शिवाय मोजमाप करायला परवानगी मिळण्याजोगी.

हा लेख थोडंफार पायथन येणाऱ्या आणि बारावीचं कलन अगदीच न विसरलेल्या माणसासाठी आहे. न्यूरल नेटवर्क शेवटी येईल, तेही छोटंसं. आधी वस्तुमानाचा हिशेब.

पायरी १: प्लांट निवडा आणि एक फेरी मारा

सगळे एसटीपी सारखे नसतात. टाकीत प्लास्टिकच्या छोट्या चक्र्या तरंगत असतील तर तो एमबीबीआर. त्यात जिवाणू चक्रीवर थर करून बसतात, थराच्या आत ऑक्सिजन कमी-कमी होत जातो, आणि गणित अवघड होतं. नवी मुंबई महापालिकेच्या नेरूळ, वाशी, ऐरोली, कोपरखैरणे इथल्या मोठ्या केंद्रांत एकाच टाकीत हवा देणं, निवळू देणं आणि वरचं पाणी काढून घेणं आळीपाळीने चालतं. तेही पहिल्या मॉडेलसाठी नको. साधी एरेशन टाकी (जिच्यात हवा देतात), तिच्या पुढे गाळ खाली बसवणारा क्लॅरिफायर आणि तळाचा गाळ परत टाकीत आणणारा पंप, असा प्लांट शोधा.

सेक्रेटरींची लेखी परवानगी घ्या आणि जाल तेव्हा ऑपरेटरच्या सोबतीनेच जा. टाकीत उतरण्याचा प्रश्नच येत नाही. बंद झाकणाखाली वाकूनही पाहू नका. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वास येणंच थांबतं, त्यामुळे ‘आता वास नाही’ याचा अर्थ ‘आता धोका नाही’ असा होत नाही.

फेरीत कागदावर चौकोन काढत चला: जाळी, इक्वलायझेशन टाकी (कमी-जास्त येणारं पाणी साठवणारी), एरेशन टाकी, क्लॅरिफायर, रिटर्न स्लजची लाइन, फिल्टर. प्रत्येक बाणावर पाणी किती आणि कशाने जातं ते लिहा. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सकाळी सहा ते नऊ सगळ्या न्हाणीघरांतून येणारा लोंढा एरेशन टाकीला दिसतच नाही. तो इक्वलायझेशन टाकीत मुरतो. एरेशन टाकीला दिसतो तो पाण्याच्या पातळीनुसार फ्लोट स्विचवर चालू-बंद होणारा पंप. म्हणून तुमच्या मॉडेलमध्ये येणारा प्रवाह म्हणजे त्या पंपाची वेळ. पॅनलवर अवर-मीटर असेल तर त्याचं रोजचं वाचन सोन्यासारखं.

पायरी २: आकडे कुठून आणायचे

लॉगबुकपासून सुरुवात करा, पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका. सलग दोन महिने विरघळलेला ऑक्सिजन २.१ च्या २.१, तोही एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिलेला दिसला तर ती पानं बाजूला ठेवा. जिवंत टाकी इतकी शहाण्यासारखी वागत नाही. प्रयोगशाळेचे महिन्याचे अहवाल मात्र जपून ठेवा: येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचा सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन), बीओडी (जिवाणूंना ती खायला लागणारा ऑक्सिजन), अमोनिया आणि टाकीतला एमएलएसएस, म्हणजे तरंगता गाळ.

दोन मापं स्वतः घ्या. पहिलं सोपं आहे. एक लिटरच्या नळकांड्यात टाकीतलं मिश्रण भरा, अर्धा तास न हलवता ठेवा आणि गाळ किती मिलिलिटरवर बसला ते वाचा. ३०० मिलिलिटर आला आणि एमएलएसएस लिटरला ३००० मिलिग्रॅम असला, तर एक ग्रॅम गाळ १०० मिलिलिटर जागा घेतोय. तब्येत ठीक आहे.

दुसरं माप तुमच्या मॉडेलचा कणा ठरेल. रुंद तोंडाच्या बाटलीत ताजं मिश्रण घ्या, मत्स्यटाकीच्या छोट्या पंपाने दहा-एक मिनिटं हवा द्या. मग हवा बंद करून बाटली काठोकाठ भरा, डीओ प्रोब (विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) बुचासारखा घट्ट बसवा, चुंबकी ढवळणी चालू ठेवा आणि दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहा. रेघ सरळ उतरत जाते. तिचा उतार म्हणजे उपाशी जिवाणूंचा श्वास. आता पुन्हा हवा द्या आणि या वेळी बाटली बंद करण्याआधी त्यात थोडं कच्चं सांडपाणी घाला. उतार एकदम तीव्र होतो, आणि अन्न संपलं की पुन्हा जुन्या उतारावर येतो. या दोन उतारांतून जिवाणू किती आहेत आणि किती भराभर खातात याचा जो अंदाज मिळतो, तो महिन्याच्या अहवालातून कधीच मिळणार नाही. प्रयोगशाळेत हेच काम रेस्पिरोमीटर करतो.

पायरी ३: संगणक उघडण्याआधी कागद

एक काल्पनिक संकुल घेऊ. ४०० घरं, घरटी चार माणसं, माणशी रोज १३५ लिटर पाणी. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरलं तर रोजचे १,७२,८०० लिटर, म्हणजे सुमारे १७३ घनमीटर. एरेशन टाकी ६० घनमीटरची असेल तर पाणी तिच्यात आठ तासांहून थोडं जास्त थांबतं. येणाऱ्या पाण्यात जिवाणूंना खाता येईल असा सीओडी लिटरला ३०० मिलिग्रॅम धरा. रोज ५२ किलो अन्न आलं.

पाणी आठ तासांत निघून जातं, पण जिवाणू जात नाहीत. क्लॅरिफायरच्या तळाशी बसलेला गाळ विरजणासारखा राखून पुन्हा टाकीत आणला जातो. १९१४ साली मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी हीच युक्ती जगापुढे मांडली. ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धत ती हीच. त्यामुळे इथे दोन घड्याळं चालतात: पाण्याचं तासांचं आणि गाळाचं दिवसांचं. गाळाचं वय आपण १० दिवस धरू, म्हणजे रोज टाकीतल्या गाळाचा दहावा हिस्सा बाहेर काढला जातो. हा आकडा ऑपरेटरला विचारलात तर बहुतेक वेळा उत्तर मिळणार नाही, कारण गाळ ‘वाढला की काढतात’. स्लज पंप किती मिनिटं चालतो ते विचारा आणि स्वतः काढा.

पायरी ४: तीन समीकरणं पुरतात

पहिल्या मॉडेलमध्ये तीनच गोष्टींचा माग ठेवा: अन्न, जिवाणू, ऑक्सिजन. प्रत्येकाचं समीकरण एकाच साच्याचं असतं: आलेलं, वजा गेलेलं, अधिक तयार झालेलं, वजा खर्च झालेलं.

जिवाणूंच्या वाढीचा वेग झाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या वक्राने लिहितात: कमाल वेग × अन्न ÷ (अर्धवेगाची पातळी + अन्न). अर्धवेगाची पातळी म्हणजे जितक्या अन्नाला वेग कमालीच्या निम्मा होतो तितकं अन्न. मोनो यांना १९६५ साली नोबेल मिळालं ते जनुकांच्या नियंत्रणावरच्या कामासाठी, पण सांडपाणीवाल्यांना ते या वक्रामुळेच ठाऊक. ऑक्सिजनसाठी तसाच आणखी एक गुणक लावा. त्यात अर्धवेगाची पातळी लिटरला ०.२ मिलिग्रॅम. हा वेग गुणिले जिवाणू म्हणजे खालची ‘वाढ’; मृत्यूदर गुणिले जिवाणू म्हणजे ‘मृत्यू’.

* अन्नाचा बदल = (प्रवाह ÷ टाकी) × (येणारं अन्न − टाकीतलं अन्न) − वाढ ÷ उत्पन्न
* जिवाणूंचा बदल = वाढ − मृत्यू − जिवाणू ÷ गाळाचं वय
* ऑक्सिजनचा बदल = हवेचा गुणांक × (संपृक्त पातळी − टाकीतली पातळी) − श्वसन

यातलं उत्पन्न म्हणजे खाल्लेल्या अन्नातला नवे जिवाणू बनणारा वाटा. हवेचा गुणांक म्हणजे हवेतला ऑक्सिजन पाण्यात किती भराभर विरघळतो ते, आणि संपृक्त पातळी म्हणजे पाण्यात जास्तीत जास्त मावणारा ऑक्सिजन. श्वसन म्हणजे दोन भागांची बेरीज: खाताना जाळलेला वाटा, आणि मरणाऱ्या जिवाणूंचं स्वतःलाच जाळणं.

सुरुवातीचे आकडे १९८७ साली मोजेन्स हेन्झे यांच्या गटाने ॲक्टिव्हेटेड स्लजसाठी मांडलेल्या एएसएम-१ या मॉडेलमधून घेता येतात: कमाल वेग दिवसाला ६, अर्धवेगाची पातळी लिटरला २० मिलिग्रॅम, उत्पन्न ०.६७. मृत्यूदराचा आकडा मात्र तिथून जसाच्या तसा उचलू नका. एएसएम-१ मध्ये तो दिवसाला ०.६२ आहे, कारण त्या मॉडेलमध्ये मेलेला जिवाणू पुन्हा अन्न होतो आणि त्यावर नवे वाढतात. आपल्या साध्या मॉडेलमध्ये ही फेरी नाही, म्हणून तिथे ०.२४ च्या आसपासचा आकडा बसतो. इंटरनेटवरून जमवलेल्या नमुना कोडमध्ये ही सरमिसळ इतकी दिसते की कोणाचंही मॉडेल पाहताना मी पहिल्यांदा हाच आकडा पाहतो.

आणखी एक गोष्ट: हे आकडे २० अंश सेल्सिअसचे आहेत. त्याच मॉडेलमध्ये १० अंशांना कमाल वेग ३ दिलेला आहे, म्हणजे दहा अंशांना दुप्पट. ठाण्यातलं सांडपाणी बाराही महिने २० अंशांच्या वरच असतं. पहिल्या धावेत २० अंश चालतील. खऱ्या प्लांटशी तुलना करताना तापमानाची दुरुस्ती लागेल.

पायरी ५: चालवा

पायथनमध्ये नमपाय, सायपाय आणि आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब, बस. सायपायमधल्या सॉल्व्ह-आयव्हीपी या फंक्शनला तिन्ही समीकरणं द्या. ऑक्सिजन मिनिटांत बदलतो, अन्न त्याच्याहूनही चपळ असू शकतं आणि जिवाणूंना आठवडे लागतात. अशा समीकरणांना नेहमीची आरके-४५ पद्धत अडखळत, मुंगीच्या पावलांनी सोडवते. ‘बीडीएफ’ किंवा ‘एलसोडा’ निवडा. एकक एकच ठेवा, सगळं दिवसांत. हवेचा गुणांक तासाला ५.२ असेल तर दिवसाला तो १२५ होतो. अर्ध्या रात्री उत्तर वेडंवाकडं येतं तेव्हा दोष बहुधा इथेच सापडतो.

निदान ४० दिवस चालवा. हवा अशी ठेवा की ऑक्सिजन २ मिलिग्रॅमवर राहील. अन्न लिटरला दीड मिलिग्रॅमच्या आत येऊन थांबेल आणि जिवाणू सुमारे १७०० मिलिग्रॅम सीओडीवर.

पायरी ६: ताळा

ही पायरी गाळणाऱ्यांचं मॉडेल मी वाचत नाही. सीओडी कुठे नाहीसा होत नाही. एक तर तो पाण्याबरोबर जातो, नाहीतर गाळाबरोबर, नाहीतर ऑक्सिजन खर्चून जाळला जातो. आपल्या उदाहरणात रोज ५१.८ किलो आला. पाण्याबरोबर अर्ध्या किलोहूनही कमी गेला. गाळाबरोबर जिवाणू गेले १७०० × ६० ÷ १० ग्रॅम, म्हणजे १०.२ किलो. उरलेल्या ४१.४ किलोइतका ऑक्सिजन श्वसनाच्या ओळीत दिसलाच पाहिजे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर कुठेतरी खूण उलटी पडली आहे किंवा उत्पन्नाने भागायचं राहिलं आहे. काही दुरुस्त करण्याआधी ते शोधा.

मग बाटलीकडे वळा. मॉडेल म्हणतं, उपाशी श्वसन मिनिटाला ०.२८ मिलिग्रॅम, म्हणजे बाटलीत ऑक्सिजन ६ वरून २ वर यायला साधारण १४ मिनिटं लागावीत. तुमच्या बाटलीत २५ मिनिटं लागली तर जिवंत जिवाणू मॉडेलपेक्षा कमी आहेत. इथे नवखे गोंधळतात: ‘अहवालात एमएलएसएस ३००० आहे, मॉडेलमध्ये १७००, मग मॉडेल चूक.’ तसं नाही. १७०० हा सीओडी आहे; १.४२ ने भागलं की सुमारे १२०० मिलिग्रॅम वजन येतं. अहवालातल्या ३००० मध्ये मेलेल्या पेशींचे न कुजणारे अवशेष, माती, कागदाचे तंतू, सगळं धरलेलं असतं. जिवंत किती हे वजनकाट्याला कळत नाही, श्वासावरून कळतं.

कच्चं सांडपाणी घातल्यावरचा उतार मॉडेलहून खूपच तीव्र आला तर अमोनिया खाणारे जिवाणूही कामाला लागलेले असतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचा नायट्रेट करायला सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. लिटरमागे ३० मिलिग्रॅमचं असं रूपांतर झालं तर आपल्या संकुलात रोज आणखी २४ किलो ऑक्सिजन हवा, म्हणजे दीडपटीहून जास्त. उबदार पाण्यात हे जिवाणू सहज टिकतात, त्यामुळे चौथं समीकरण म्हणून त्यांना लवकरच घ्यावं लागेल. नक्की तेच आहेत का हे पाहायचं तर अलाइलथायोयुरिया घालून त्यांचं काम थांबवतात आणि उतार पुन्हा मोजतात. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करा.

आता जुळवणी. मोह असा होतो की सगळे स्थिरांक सायपायच्या हाती सोपवावेत आणि ‘जुळव’ म्हणावं. पण टाकीतलं अन्न दीड मिलिग्रॅमच्या आत आणि अर्धवेगाची पातळी २०. इतक्या खाली मोनोचा वक्र जवळपास सरळ रेघ असतो. त्या रेघेत कमाल वेग आणि अर्धवेगाची पातळी यांचं फक्त गुणोत्तर दिसतं. ६ आणि २० घ्या किंवा ३ आणि १०, टाकीतल्या अन्नाच्या आकड्यांना फरक कळत नाही. संगणक मात्र चार दशांशांपर्यंत ‘उत्तर’ देतो. म्हणून एक स्थिरांक पक्का धरा, दुसराच हलवा. मार्च ते मेच्या नोंदींवर जुळवा आणि जुलैच्या नोंदींवर तपासा. पावसाळ्यात चेंबरमधून, भेगांतून पाणी शिरतं, सांडपाणी पातळ होतं, मुक्कामाची वेळ घटते. उन्हाळ्यात पाठ केलेलं मॉडेल तिथे उघडं पडतं.

पायरी ७: आता ब्लोअर जोडा

प्लांटच्या वीजबिलातला सगळ्यात मोठा वाटा सहसा हवेचा, म्हणजे टाकीत हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचा. बऱ्याच सोसायट्यांत ब्लोअर टायमरवर असतो: अमुक तास चालू, अमुक तास बंद. मॉडेलमध्ये तो बंद करून पाहा. पंपाचा प्रवाह चालू असेल तर २ मिलिग्रॅम ऑक्सिजन चार-पाच मिनिटांत जवळजवळ संपतो. मग तासभराची ‘विश्रांती’ कोणाच्या सोयीची आहे ते आलेखच सांगतो. अर्थात मुद्दाम हवा बंद ठेवून नायट्रेटमधला नायट्रोजन काढणं हीसुद्धा एक रीत आहे, पण ती ठरवून करायची असते.

कोडमध्ये चालू-बंद अशी एकदम उडी टाकली की सोडवणारी पद्धत अडते. वेळेचे एक-एक मिनिटाचे तुकडे करा, तुकड्यात ब्लोअर स्थिर ठेवा, तुकडा संपला की नियंत्रकाला विचारा. खरा पीएलसीसुद्धा ठरावीक कालाने असाच विचारतो.

पीआय नियंत्रक (आताची तफावत आणि आजवर साठलेली तफावत पाहून हवा कमी-जास्त करणारा) लिहिताना तीन गोष्टी घाला, नाहीतर तो फक्त पडद्यावरच चालेल. ट्विन लोब ब्लोअरला व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रावर) किमान हर्ट्झची मर्यादा असते; त्याखाली मोटर तापते. प्रोबला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो आणि त्यावर शेवाळी थर चढला की तो आणखी मंदावतो. आणि ब्लोअर पूर्ण वेगात असूनही ऑक्सिजन २ वर येत नसेल तेव्हा नियंत्रकाची साठत जाणारी बेरीज थांबवा. नाहीतर लोंढा ओसरल्यावरही तो अर्धा तास उगाच हवा फुंकत बसेल. हवेचा गुणांक स्वच्छ पाण्यातल्या कॅटलॉगवरून घेऊ नका. साबण, तेल आणि जुने डिफ्यूझर (टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारे) यांमुळे खऱ्या टाकीत तो बराच कमी असतो.

पायरी ८: शिकणारी पद्धत कुठे

इथवर जे कळलं ते न्यूरल नेटवर्कला पुन्हा शिकवायची गरज नाही. वस्तुमान टिकतं हे त्याला हजार ओळींतून शिकायला लावण्यापेक्षा समीकरणात लिहिलेलं बरं. त्याला द्यायचं ते उरलेलं काम: मॉडेलचं भाकीत आणि प्रोबचं वाचन यांतली तफावत, किंवा उद्या दर तासाला किती पाणी येईल याचा अंदाज. आदान, म्हणजे त्याला द्यायची माहिती, साधी ठेवा: तास, वार, सुट्टी आहे का, मागच्या चोवीस तासांतला पाऊस. गणपतीत अर्धं संकुल कोकणात गेलेलं असतं. हा रकाना नसेल तर तुमचं मॉडेल दरवर्षी भाद्रपदात चुकणार.

आधी ‘काल याच वेळी जितकं, तितकंच आज’ हा अडाणी अंदाज तपासा. त्याला हरवता येत नसेल तर नेटवर्क ठेवू नका. नोंदी फेटून प्रशिक्षण आणि चाचणी असे गट पाडू नका. दहा वाजून पाच मिनिटांची नोंद एका गटात आणि दहा वाजून दहाची दुसऱ्यात गेली की चाचणी नावापुरतीच उरते. तारखेची रेघ मारा: रेघेआधीचं शिकवायला, रेघेनंतरचं तपासायला. शंभर-दोनशे ओळीच असतील तर नेटवर्कऐवजी रँडम फॉरेस्ट किंवा साधं रेषीय समाश्रयण (लिनिअर रिग्रेशन) घ्या. आणि वाचन उलगडत नसेल तेव्हा आधी प्रोब धुवा.

यानंतर

महिनाभर मॉडेल नुसतं सोबत चालू द्या, पीएलसीला न जोडता. रोज सकाळी त्याने सांगितलेले ब्लोअरचे तास आणि प्रत्यक्ष तास शेजारी लिहा. टायमर बदलायचा असेल तर तो ऑपरेटर आणि देखभाल कंत्राटदाराने बदलायचा. प्लांटला प्रदूषण नियंत्रण मंडळाची अट असते आणि तिचं उत्तर सोसायटीला द्यावं लागतं, तुम्हाला नाही. कमिटीपुढे जाताना समीकरणं नेऊ नका. बाटलीचा आलेख, आठवड्याचा ऑक्सिजनचा आलेख आणि ब्लोअरची युनिटं, एवढे तीन कागद पुरतात.

पुढचा अभ्यास हवा असेल तर बीएसएम-१ हा जगभर वापरला जाणारा, संगणकावरचा कसोटी-प्लांट घ्या. त्यात पाच टाक्या, दहा थरांचा क्लॅरिफायर आणि संपूर्ण एएसएम-१ आहे, म्हणजे १३ घटक आणि ८ प्रक्रिया. १४ दिवसांच्या, दर १५ मिनिटांच्या प्रवाहाच्या तीन फाइल्स त्यासोबत मिळतात: कोरडं हवामान, पाऊस आणि वादळ. पावसाच्या फाइलपासून सुरुवात करा. जुलैतल्या तुमच्या स्वतःच्या नोंदी शेजारी ठेवायला तीच कामाची.